आजोबांचा झेंडा धुऊ नका

ती. आई-बाबा,
सादर जयभीम.

१४ एप्रिलच्या मिरवणुकीत आजोबांचा पलटणीचा झेंडा काढायचं ठरलंय आणि आई त्याआधी तो रिठ्याच्या पाण्यातून काढणार आहे, हे कळलं. आई, तो अजिबात भिजवू नकोस. ते साटीन रेयॉनचं आहे. ओलं झालं की त्या धाग्याची ताकद निम्म्याच्या आसपास येते. शिवाय लाल रंग भरतकामात उतरला, तर काही केल्या निघत नाही.

बाबा, गावात सगळे त्याला निशाण म्हणतात, पण ते निशाण नव्हे. निशाण म्हणजे राष्ट्रपतींनी पलटणीला दिलेला मान, फौजेत ज्याला 'कलर' म्हणतात. ते कुणाच्या घरी येत नाही, पलटणीतच राहतं. पूर्वी ते लढाईतही न्यायचे, धुरात काही दिसेनासं झालं की आपली माणसं कुठे जमायची ते कळावं म्हणून. प्रजासत्ताक झाल्यावर इंग्रज राजाची निशाणं २३ नोव्हेंबर १९५० रोजी देहरादूनच्या लष्करी अकादमीतल्या चेटवूड हॉलमध्ये ठेवून दिली. आपल्याकडचा आहे तो कंपनीचा, म्हणजे पलटणीतल्या एका तुकडीचा, साधा झेंडा. तरीही तो मोलाचा आहे, त्यावरच्या चिन्हामुळे.

आजोबांची महार रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ला बेळगावात उभी राहिली. पहिल्या चिन्हात कोरेगावचा स्तंभ होता. १९४६ला ती मशीनगन रेजिमेंट झाली आणि चिन्हात तिवईवरच्या, एकमेकींना छेद देणाऱ्या दोन व्हिकर्स गन आल्या. पुढे स्तंभ जाऊन त्या जागी खंजीर आला. आपल्या झेंड्यावर गनही आहेत आणि मधे स्तंभही, म्हणजे घडण या दोन बदलांच्या मधली. स्तंभाचे ते पिवळे टाके आत्ताच सैल झालेत. धुताना चोळलं, तर पहिले तेच सुटतील.

आता करायचं ते सांगते. पलंगावर धुतलेली, खळ नसलेली चादर अंथरा. दोघांनी मिळून झेंडा उचला, हात कोरडे हवेत, तेल-क्रीम नको. रंगकामाचा नवा मऊ ब्रश कापडाच्या विणीच्या दिशेने, अगदी हलका फिरवा. आपल्या काळ्या मातीची धूळ चोळली की धागा कापते, म्हणून फडक्याने पुसू नका. कोपऱ्यातल्या जुन्या सेफ्टी पिना काढा, गंज तिथूनच पसरतोय. फाटलंय तिथे फेव्हिकॉल किंवा टेप लावू नका, इस्त्रीही नको. जरीचे धागे काळे पडलेत, पण त्यांना चिंच किंवा टूथपेस्ट लावू नका, मुलामा निघून जातो.

घडी मात्र मोडाच. इतकी वर्षं एकाच रेषेत दुमडून तिथलं साटीन चिरलंय. तीन-चार इंच व्यासाच्या पुठ्ठ्याच्या नळीला धुतलेलं मांजरपाट गुंडाळा आणि त्यावर झेंडा भरतकाम बाहेर ठेवून गुंडाळा. आत राहिलं तर टाके दबून सुरकुततात. वरून पुन्हा मांजरपाट, सैल नाडी. वर्तमानपत्र, प्लास्टिक, रबरबँड नको. डांबरगोळ्या कापडाला लागू देऊ नका, डाग पडतात. पेटी विटांवर, भिंतीपासून हातभर लांब आणि कूलरच्या खोलीत मुळीच नको. उन्हाळाभर त्या खोलीत ओल असते, बुरशीला तेवढी पुरे.

मिरवणुकीला सुती कापडाची प्रत करू. झेंडा पलंगावर असेल तेव्हाच, बाजूला शिलाईची टेप ठेवून, सावलीतल्या उजेडात समोरून आणि मागून फोटो काढा. स्तंभाचा एक जवळून. या आठवड्यात पाठवा, म्हणजे भरतकामाला वेळ मिळेल.

तुमची,
लेक