गुरुवारची भिशी

ती. आई-बाबांस,
सा. न.

फोनवरच सांगणार होते. पण फोनवर बाबा "बरं बरं, आईशी बोल" म्हणतात, आई "जेवलीस का" विचारते आणि माझं सांगायचं राहून जातं. तीन रविवार असंच झालं. पाकिटात आईच्या चष्म्याची दोरी आहे, ती आधी काढून घ्या.

तर, मी इथे बंगळुरात, एचएसआर लेआउटमध्ये एक तळमजला भाड्याने घेतला. अकरा महिन्यांचा करार, सोमवारी सह्या झाल्या. म्हणजे गणपतीत मी म्हटलं होतं, की दिवाळीनंतर सगळं आवरून सांगलीला येते, ते आता होणार नाही. निदान या वर्षी नाही. वरची खोली तुम्ही माझ्यासाठी रंगवून घेतलीत, हे दादाने सांगितलं. तेव्हापासून हे पत्र पर्समध्ये घेऊन फिरतेय. पिवळाच दिलात ना रंग?

राहायला मी जुन्याच खोलीवर आहे. ही जागा माझ्यासारख्यांसाठी, नोकऱ्या सोडून छोट्या कंपन्या काढलेल्यांनी आठवड्यातून एकदा एकत्र बसावं म्हणून. बाबा, तुमचा चेहरा दिसतोय मला. "बसायला भाड्याची जागा कशाला लागते?" इथे गल्लोगल्ली दर्शिनी आहेत, उभ्याने कॉफी प्यायची आणि निघायचं. कॉफी उत्तम असते. पण उभ्याने रडता येत नाही.

तुम्हाला वाटेल, बंगळुरात असल्या लोकांना काय तोटा. तोटा नाहीच. शेजारच्या कोरमंगलात २००७ साली दोघांनी एका फ्लॅटमध्ये फ्लिपकार्ट सुरू केली, आणि आता या भागात इमारती-इमारतींत कुणी ना कुणी काहीतरी काढून बसलंय. मेळावेही चिक्कार. गळ्यात ओळखपत्र, हातात समोसा, "कसं चाललंय?" "एकदम मस्त!" मीही तेच म्हणायचे. ज्या आठवड्यात पगाराला पैसे नव्हते, त्या शनिवारी तर सगळ्यांत मोठ्याने म्हणाले. व्हॉट्सॲपवर मोठमोठे ग्रुप आहेत, सीएचा नंबर विचारा, पाच मिनिटांत मिळतो. पण "मला तीन आठवडे झोप नाही" असं त्या गर्दीत कोण लिहिणार? त्यात निम्मे पैसे लावणारे.

मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतली ती सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा बाबांनी टीव्ही बघून फोन केला होता आणि मी "आपला काही संबंध नाही" म्हणाले होते. माझा नव्हताच. पण ओळखीच्या दोघांचे सगळे पैसे तिथे होते. शुक्रवारी रात्री बातमी आली आणि ते दोघे माझ्या खोलीवर आले, मागोमाग आणखी तिघं. शनिवार-रविवार कुणी घरी गेलं नाही. कुणाला आधी पगार द्यायचा याच्या याद्या चालल्या होत्या. एकीने स्वतःच्या बचतीतून दुसऱ्याच्या माणसांचे पगार उसने द्यायचं कबूल केलं, कागद नाही, व्याज नाही. मी तीनदा पोहे केले, आईसारखे, वरून मेतकूट घालून. सोमवारी पहाटे कळलं, सगळ्या ठेवी मिळणार. सगळे तिथेच सतरंजीवर झोपले. पुढच्या गुरुवारी तेच सहा जण पुन्हा पोहे खायला हजर.

माझी कंपनी बंद झाली ते तुम्हाला चार महिने कळू दिलं नाही. बाबांच्या मनात ते अजून आहे, माहीत आहे मला. त्या चार महिन्यांत मला यांनी सांभाळलं. तुम्ही होतातच की सांभाळायला. पण बाबांची ती ठेव माझ्या हातून गेली, हे सांगायला जीभ उचलेना. "गेली तर गेली" म्हणालात खरं, पण ती कशासाठी ठेवली होती ते मला ठाऊक आहे. दर महिन्याच्या ५ तारखेला दहा हजार येत राहतील. ते माझ्याच नावाने पोस्टात टाकताय, हेही कळलंय. टाकू नका.

तर सांगत काय होते, कंपनी काढणं सोपं, बंद करणं किचकट. एसटीके-२ नावाचा अर्ज, दहा हजार फी, संचालकांची प्रतिज्ञापत्रं, हमीपत्रं, सीएने सही केलेला हिशेब. मला तर फाइल उघडवत नव्हती. गुरुवारच्या एकाने शेजारी बसून एकेक कागद भरून घेतला. माझ्याकडच्या चार पोरांपैकी तिघांना याच मंडळींनी कामावर घेतलं. चौथा गावी गेला, बरा आहे. आता कंपनी बंद कशी करायची हे विचारायला लोक माझ्याकडे येतात. बाबा, यालाही अनुभव म्हणतात!

आई, यातली खरी युक्ती तुझी आहे. तुझ्या भिशीत अकराच बायका, बारावीला तू कधी घेतलं नाहीस. कुणाच्या घरी अडचण आली की चिठ्ठ्या बाजूला ठेवून तिचा नंबर आधी लावायचीस, आणि घरातली गोष्ट दाराबाहेर जायची नाही. आमचंही तसंच. आठ-आठ जणांचे तीन गट, माणसं ठरलेली. पैसे लावणाऱ्यांना प्रवेश नाही, स्वतःच्या कंपनीची जाहिरात करायची नाही. आल्याबरोबर एकेकाने सांगायचं, बँकेत किती महिन्यांचा पगार शिल्लक आहे. तो आकडा बाहेर पडला की खोटं बोलायचं कारणच उरत नाही. मग ज्याचा नंबर, त्याच्या अडचणीला पूर्ण तास. सल्ला त्याने मागितला तरच. (हा नियम माझ्यासाठी केलाय असं सगळे म्हणतात.) याला सगळे भिशीच म्हणतात, चेन्नईचा पोरगासुद्धा. मालकीणबाईंना वाटलं "बिसी", म्हणजे कन्नडमध्ये गरम. त्या पहिल्या गुरुवारी थर्मास भरून गरम कॉफी घेऊन खाली आल्या.

आता हिशेब, नाहीतर बाबांना झोप यायची नाही. चोवीस जण, प्रत्येकी महिना २,५००, म्हणजे ६० हजार. भाडं ४८. उरलेल्यात वीज, दूध, झाडलोट. अनामत सहा महिन्यांची, ती मी भरलीय, आणि कंपनी गेल्यावर जे राहिलं होतं त्यातलीच. कर्ज नाही. जागा सोडताना परत मिळते. पोटापाण्यासाठी आठवड्यातले चार दिवस एका कंपनीत काम करते, पगार वेळेवर होतो.

"यात तू विकतेस काय?" असं बाबा विचारणार. काही नाही. पण किर्लोस्करवाडीच्या क्वार्टरमध्ये अंगणात बाजेवर झोपवून तुम्हीच सांगायचात ना, लक्ष्मणराव किर्लोस्करांना बेळगाव सोडावं लागलं, औंधच्या राजांनी कारखान्याला जागा दिली आणि १९१० साली कुंडल रोडच्या माळावर, जिथे निवडुंग आणि साप, तिथे कामगार बायकापोरांसकट राहायला आले. मी दर वेळी सापाचंच विचारायचे. आता त्या बायकांचं विचारावंसं वाटतं. पहिल्या रात्री त्या एकमेकींशी काय बोलल्या असतील?

माझी काळजी करू नका. ज्वारीचं पीठ इथे मिळतं, आपल्यासारखं नाही, पण भाकरी फुगते. मालकीणबाई मला "अक्का" म्हणतात, माझ्याहून पंचवीस वर्षांनी मोठ्या आहेत तरी. आगरा तळ्याला रोज सकाळी चक्कर मारते. रात्री दहाच्या आत खोलीवर असते, गुरुवार सोडून. खोकला गेला. स्वेटर, ते विटकरी, अजून आहे आणि अजून टोचतंय.

आता माझं ऐका. आईच्या मोतीबिंदूची तारीख पुढे ढकलायची नाही. "थंडी पडू दे" हे डॉक्टरांनी सांगितलेलं नाही, ते आईने ठरवलंय. मी आदल्या दिवशी येतेय, राणी चन्नम्मा एक्स्प्रेसचं तिकीट काढून झालं, पंधरा दिवस राहणार. थेंब मी घालणार, दादा नाही, त्याचा हात थरथरतो. बाबा, बीपीची गोळी एक दिवसाआड घेणं बंद करा. गोळ्या संपत आल्यात म्हणून पुरवून खायला ती काय पूर आलेल्या आठवड्यातली साखर आहे? आणि टाकी धुवायला शिडीवर चढलात हे समोरच्या काकूंनी मला फोटोसकट कळवलंय.

रागावून लिहिलं नाही. शिडी धरायला मी नव्हते, याचा राग आहे थोडा, तो माझ्यावरच.

वरच्या खोलीत माझं कपाट आहे तसंच राहू द्या. पंधरा दिवस तिथेच झोपणार आहे. येताना आईसाठी इथली कॉफी पावडर आणते. आई, दादा पुढच्या महिन्यात कामाला इकडे येतोय, त्याच्याबरोबर भडंग दे. दोन किलो. मागचा किलो एका गुरुवारी संपला, आणि चेन्नईचा पोरगा डब्यात तळाशी राहिलेला लसूण बोटाने पुसून खात होता.

तुमची,
ठमी

ता. क. शिडी समोरच्या काकूंकडे ठेवायला सांगितलीय. मागायला जाऊ नका, त्या देणार नाहीत.