तुणतुण्याची तार बदलणाऱ्या काकांना

प्रिय काका,
सादर नमस्कार.

आमच्या व्हिडिओ गेममधल्या गावाचं संगीत पूर्ण झालं. फोनवर तुम्ही ‘आभार कायचे बाप्पा’ म्हणून विषय मिटवलात. पण माझा विषय मिटलेला नाही, म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहे.

तुमच्याआधी या कामाला ज्यांनी हात लावला, त्यांच्याबद्दलही बोललंच पाहिजे. एका संगीत संयोजकानं व्हायोलिन, व्हिओला, चेलो, क्लॅरिनेट सगळं आधी भरून टाकलं आणि शेवटी वरून ढोलकी-तुणतुण्याचे तयार नमुने चिकटवले. ‘लोकसंगीताचा तडका’ हे त्यांचे शब्द. दुसऱ्यांनी तुणतुण्याला सूरच नसतो, नुसती टकटक असते, असं तोंडावर सांगितलं. तिसऱ्यांनी आगाऊ रक्कम घेतली आणि फोन उचलणं बंद केलं. पैशाचं दुःख आहेच, पण जास्त लागलं ते दुसऱ्यांचं वाक्य. खडी गंमतीत, विदर्भातल्या या लोकनाट्यात, उभी हयात काढलेल्या माणसाच्या वाद्याला सूर नाही म्हणायचं, तेही एकदा न ऐकता!

गावाची चाल मुळात गर्दी सहन करत नाही. सुपर निन्टेन्डो या जुन्या गेमयंत्राच्या ध्वनिचिपमध्ये एका वेळी आठच आवाज निघत आणि वाद्यांचे नमुने, सुरावट, सगळं 64 किलोबाइटमध्ये बसवावं लागे. त्यातलाही एखादा आवाज दार उघडण्याच्या, नाणी पडण्याच्या खुणांसाठी जाई. म्हणून त्या काळच्या गावांच्या चाली सुटसुटीत आहेत. आम्ही आमची चाल त्याच वळणाची केली: 32 मात्रागट, प्रत्येकी चार मात्रा, मिनिटाला 96 ची लय, म्हणजे बरोबर 80 सेकंदांचा फेरा. खेळणारा गावात बाजार करत फिरतो, तेव्हा हा फेरा त्याच्या कानावर दहादा येतो. जे वाद्य पहिल्या फेऱ्यात मिरवतं, ते चौथ्या फेऱ्यात नकोसं होतं.

पट्टी पांढरी दोन (म्हणजे पाश्चात्त्य ‘डी’) ठेवली, कारण तिथे व्हायोलिनच्या मोकळ्या तारांतून सा आणि प दोन्ही मिळतात आणि वाजवणाऱ्याचा हात मोकळा राहतो. तुणतुणं अर्थातच सा वर. पहिले बारा मात्रागट सुरेख जमले. तेराव्यापासून सोळाव्यापर्यंत चाल पंचमाच्या सुरसंगतीवर (कॉर्डवर) जाते, म्हणजे प-नि-रे. तिथे दुसरं व्हायोलिन शुद्ध नी लांबवतं आणि तुणतुण्याचा सा त्याच्यापासून अर्ध्या सुरावर घासत राहतो. आधीच्या मंडळींनी इथे तुणतुण्याचा आवाज खाली ओढला होता. आवाज खाली ओढून घासणं थांबत नाही, फक्त कारण कळेनासं होतं. तेवढ्यापुरतं तुणतुणं बंद ठेवावं, तर त्याच्या ठेक्यावर उभं असलेलं सगळं चार मात्रागट लोंबकळतं.

काका, तुम्ही त्या दिवशी वाद्य पिशवीतून काढलंच नाहीत. आधी म्हणालात, “थांबा ना बाप्पा, त्या पोरीले एकटीले वाजवू द्या.” व्हायोलिनवाल्या मुलीनं तिची ओळ एकटीनं वाजवली. तुम्ही मान खाली घालून ऐकत होतात. तिचा नी आला तसं तुम्ही बोट वर केलंत आणि म्हणालात, “इथं माह्या सा तिले आडवा येते. मी प धरतो.”

कोणी सांगितलं नव्हतं. खुंटी पिळून भागणार नाही, हेही तुम्हालाच ठाऊक होतं. तीच तार खालच्या प वर उतरवली की ताण जवळजवळ निम्म्यावर येतो, तार ढिली पडते, आवाज बसतो. वरच्या प वर चढवायची तर ताण सव्वादोन पट लागतो आणि तार तुटते. तुम्ही पिशवीतून जाड तारेचं वेटोळं काढलंत, जुनी तार सोडवलीत, नवी खालून ओवून खुंटीला गुंडाळलीत, आणि ती ताणून स्थिर होईपर्यंत पुन्हा पुन्हा सुरात आणत बसलात. प सा-ग-प मध्येही आहे, प-नि-रे मध्येही आहे. म-ध-सा वर तो मध्यमाला जरा टेकतो, पण म फक्त चेलोकडे खाली ठेवला आणि मधल्या सप्तकातून काढून टाकला, की तो टेका कानाला गोड लागतो.

स्वतःचा सा सोडायला तयार होणारा वादक मला क्वचितच भेटला आहे. व्हायोलिनवाली मुलगी तुमच्या नातीच्या वयाची. तिनं नी बदलावा असं तुम्ही म्हणाला असतात, तर तिनं मुकाट्यानं बदलला असता. तुम्ही म्हणाला नाहीत. अशी माणसं आपल्याकडे आहेत, कुणाच्या भजनी मंडळात, कुणाच्या लग्नाच्या बँडमध्ये, आणि त्यांना बोलावताना आपण ‘जरा ठेका धरायला या’ म्हणतो, याची मला फार लाज वाटते.

बाकीचंही तुमच्यामुळेच निभावलं. ढोलकीवाल्या दादांनी सवयीनं शेवटी तिहाई, म्हणजे तोच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं, घेतली, तेव्हा तुम्हीच त्यांना थांबवलंत. तिहाई आली की चाल संपल्यासारखी वाटते, आणि इथे तर ती दर 80 सेकंदांनी संपली असती. मेमधलं नागपूर, ध्वनिमुद्रणासाठी कूलर बंद. खोली तापली की बासरी आणि क्लॅरिनेट चढतात, पोलादी तारा उतरतात. हवा एक अंश तापली की बासरीचा सूर साधारण तीन सेंटनी (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) वर सरकतो, म्हणजे पाच अंशांत पंधरा सेंट, आणि तेवढं कानाला टोचतं. कूलर चालू ठेवावा तर त्याच्या दमट हवेनं ढोलकीचं पान सैल पडतं. कूलर बंद करून खोली स्थिरावू द्यायची आणि मग सगळ्यांनी बासरीला मिळवून घ्यायचं, हा तुमचा उपाय. घामानं भिजून बसलात, पण एकदाही घाई केली नाहीत.

फेरा संपून पुन्हा सुरू होतो त्या जोडाबद्दल तुम्ही विचारलं होतंत, तर सांगतो. सगळी चाल सलग दोनदा वाजवून घेतली आणि त्यातला दुसरा फेरा तेवढा कापून गेमसाठी घेतला. त्यामुळे पहिल्या फेऱ्याच्या शेवटची घुमणूक दुसऱ्याच्या सुरुवातीला आपोआप येते आणि सांधा ऐकू येत नाही. फाइल ओजीजीमध्ये ठेवली, कारण एमपीथ्रीच्या सुरुवातीला बारीकशी शांतता घुसते आणि दर फेऱ्याला उचकी लागते.

श्रेयनामावलीत तुमचं नाव व्हायोलिन आणि चेलोच्या रांगेतच आहे. ‘इतर वाद्ये’ असा वेगळा मथळा आम्ही ठेवलेला नाही. नाव कसं लिहायचं, वडिलांच्या नावासकट की नुसतं आडनाव, तेवढं कळवा. उरलेलं मानधन आणि जाड तारेची दोन वेटोळी घेऊन रविवारी सकाळी घरी येतो.

आपला कृतज्ञ,
गावाच्या संगीताचा संयोजक
नागपूर