भाकरी सोडू नका

पुणे

ती. बाबा आणि ती. आई यांस साष्टांग नमस्कार.

फोनवर वजन उतरवायचा विषय काढला की बाबा "बरं बरं" म्हणतात आणि फोन आईकडे देतात, म्हणून कागदावर लिहितेय. आई, त्यांना मोठ्याने वाचून दाखव. तुझ्याबद्दलही आहे, तेव्हा मधली पानं गाळू नकोस.

डॉक्टरांनी दोघांनाही चार-पाच किलो वजन उतरवायला सांगितलं आणि बाबांनी दुसऱ्याच दिवशी भाकरी बंद करून ओट्सचा पुडा आणला, असं कळलं. बाबा, शंभर ग्रॅम ओट्स घ्या नाहीतर शंभर ग्रॅम शाळूचं पीठ, उष्मांक दोन्हीकडे साडेतीनशे-चारशेच्या घरातच. ज्वारीत चोथाही भरपूर. ओट्स वाईट आहेत असं नाही, पण नाक मुरडत खाल्लेलं महिनाभरसुद्धा टिकत नाही. दीड भाकरी खा, सोबत वाटीभर पालेभाजी आणि वाटीभर घट्ट आमटी. भात एका वेळेलाच, तोही शेवटी.

तुमच्या ताटात मला फारसं खटकत नाही. चार वाजता जे सुरू होतं ते खटकतं. चहा, मग भडंग, मग कुणी आलं म्हणून परत चहा, आणि टीव्हीसमोर बेदाण्याचा डबा. नुसते चिरमुरे बिचारे हलके असतात. भडंगात वजन वाढवतात ते तेल, शेंगदाणे आणि पिठीसाखर. चमचाभर तेलाचेच पंचेचाळीसेक उष्मांक होतात. आणि भडंग कुणी मोजून खात नाही, विशेषतः सांगलीत. एक वाटी भरून घ्यायची आणि डबा परत फळीवर ठेवायचा. डबा मांडीवर घेऊन बसणं बंद.

बेदाण्यावरून बाबा भांडणार, तासगावच्या मित्राने घरचे दिलेत म्हणून. द्राक्षातलं पाणी गेलं की साखर मागे उरते. शंभर ग्रॅम द्राक्षांत सत्तरच्या आसपास उष्मांक, तेवढ्याच बेदाण्यांत तीनशेच्या आसपास. मूठभर बेदाणे म्हणजे जवळजवळ एक चपाती झाली. तुम्हाला साखरेचा त्रास आहे, तेव्हा पाच-सहा दाणे, तेही जेवणासोबत. गुळाचंही तेच. गुळाच्या चहाने साखरेचं पाप धुऊन निघत नाही, दोघांच्या उष्मांकांत नावापुरताच फरक. दिवसाचे चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे धरले तर चाळीस ग्रॅम साखर नुसती चहातून पोटात जाते. एकदम बिनसाखरेचा नको, आधी अर्ध्यावर या.

आई, आता तू. कृष्णाकाठच्या वांग्याला नावं ठेवायची माझी हिंमत नाही. वांग्यात तसे उष्मांक नसतातच म्हण ना, पण तुझ्या भरल्या वांग्यावर बोटभर तवंग असतो. फोडणी निम्मी कर, दाण्याचं कूट थोडं कमी कर, आणि ताटलीत पाणी ठेवून वाफेवर शिजव. आजी तशीच करायची. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था बैठं काम करणाऱ्याला दिवसाला वीस-पंचवीस ग्रॅम तेल-तूप पुरे म्हणते. म्हणजे तुम्हा दोघांना महिन्याला सव्वा-दीड किलो, आणि त्यात तूपही आलं. या महिन्यात डबा फोडशील त्या दिवशी कॅलेंडरवर खूण कर, म्हणजे आपल्याला कळेल.

दुसरं, तू स्वतःला आमटीवरचं पाणी वाढून घेतेस आणि डाळ बाबांच्या वाटीत घालतेस. मग रात्री उरलेला भात टाकवत नाही म्हणून तो पोटात टाकतेस. या वयात कमी खाल्लं आणि प्रथिनं मिळाली नाहीत, तर चरबीसोबत अंगातलं मांसही झडतं. जिना चढताना आधाराला तेच लागतं. तेव्हा मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, कोरेगावचा घेवडा, घरचं दही (साय काढून) यांतलं काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात हवंच. बाबांना उकडलेलं अंडं चालेल. भात मात्र मोजूनच लाव, उरायलाच नको.

तुझ्या गुडघ्यांसाठी एक गोष्ट मला फार पटली. वजन एक किलो उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार साधारण चार किलोंनी कमी होतो. तीन किलो उतरव, मग ऑपरेशनचं बघू.

एकादशीबद्दल बोलत नाही, तू चिडतेस. पण "एकादशी अन् दुप्पट खाशी" ही म्हण आपल्याच लोकांनी केली आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यावर तूप, त्यावर दाणे. वाटीभर वरई आणि ताक घेतलंस तरी विठोबाला चालतं.

बाबा, एक गोष्ट मात्र हट्टाने सांगतेय. रात्रीचं जेवण बंद करायचा विचार डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात करू नका. साखरेची गोळी चालू असताना जेवण चुकलं तर साखर एकदम खाली येऊ शकते. हात थरथरले, दरदरून घाम आला, डोकं हलकं झालं तर लगेच साखरपाणी घ्यायचं, वजनाचा विचार नंतर. जेवण कमी करणार असाल तर गोळीचं काय करायचं तेही डॉक्टरच ठरवतील. आणि शेजारच्या काकांनी सुचवलेली ती वजन उतरवायची पावडर मागवू नका. डब्यावर नीट काही लिहिलेलं नसतं, आणि तुमचं मूत्रपिंड काही सुट्या भागांच्या दुकानात मिळत नाही.

आमराईत फिरायला जाता ते उत्तम. फेरी संपली की मंडळी भजीच्या गाडीवर थांबते, हेही मला कळलंय. कुणी सांगितलं ते विचारू नका. रविवारी थांबा, रोज नको.

काटा रोज बघू नका. आठवड्यातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी. आठवड्याला पाव-अर्धा किलो उतरला तरी खूप. शिवणाच्या टेपने कंबरही मोजा, बाबांची नव्वद सेंटिमीटरच्या आत आणि आईची ऐंशीच्या आत हवी. सध्याचे आकडे खरेखुरे कळवा, श्वास आत ओढून घेतलेले नकोत.

दादा शनिवारी येतोय, त्याच्याकडे नवा काटा पाठवते. जुना दोन किलो कमी दाखवतो, म्हणून तर बाबांना तो आवडतो. रक्ताचे रिपोर्ट त्याच्याकडे द्या, मी इथल्या डॉक्टरांना दाखवते.

तुमची,
धाकटी

ता. क. ओट्स फेकू नका, आई. ज्वारी-बेसनाच्या थालीपिठात मूठभर घाल, बाबांना सांगू नकोस.