सूचना : रविवारच्या ग्रामसभेला यावे

ज्येष्ठ नागरिक मंडळाच्या सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी साडेदहाला ग्रामसभा आहे. सव्वादहालाच देवळापाशी जमू. या खेपेला पेन्शनचा विषय बाजूला ठेवून गावाच्या जैवविविधता नोंदवहीवर बोलूया. जैवविविधता कायदा, २००२ खाली पंचायतीची समिती लोकांना विचारून गावातल्या झाडं, प्राणी, पिकं आणि त्यांच्याविषयीच्या माहितीची ही नोंदवही करते. खाजनातली (खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतीतली) जुनी मानस, म्हणजे भरतीचं पाणी अडवायचं दार, कुठे होती, कुठली झर मे महिन्यातही आटत नसे, खाऱ्या जमिनीतलं कोरगूट भात कुठल्या शेतात पिकायचं, हे सांगायला आपल्याशिवाय उरलंय कोण? तरुण मंडळी नकाशा काढतील, पण भरतीला बांध नेमका कुठे फुटायचा ते त्यांना ठाऊक नाही. बोलायला जड जात असेल त्यांनी कागदावर लिहून आणावं. आपलं म्हणणं इतिवृत्तात आल्याशिवाय उठायचं नाही.

चष्मा आणि मतदार ओळखपत्र घ्या. गाडी हवी असल्यास शनिवारी संध्याकाळपर्यंत कळवा.

– कार्यवाह