नरारा सहल: तारीख ठरवताना तिथी पाहा

सभासदांनो, जामनगरजवळच्या सागरी राष्ट्रीय उद्यानातल्या (स्थापना 1982) नराराची सहल मे महिन्यात नको. सुट्टी सोयीची असली तरी उघड्या खडकावर तेव्हा पाय भाजतात. पावसाळ्याचा तर विचारच सोडा. सहल पौष पौर्णिमेला धरून, पौर्णिमेनंतरच्या एक-दोन दिवसांत ठेवू.

दिवाळीची मागणी बऱ्याच जणांनी केली. अमावास्येचं उधाण (मोठी भरती-ओहोटी) तेव्हाही असतं, पण गर्दी फार.

तिथे महिन्यापेक्षा ओहोटी महत्त्वाची. उधाणाच्या दिवसांत पाणी दूरवर ओसरतं आणि घोटाभर पाण्यात प्रवाळ, समुद्रफुलं, खेकडे दिसतात. नशीब असेल तर दगडाखाली दडलेला ऑक्टोपसही. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, गेलात तर निम्मं पाण्याखालीच! मुंबईचं भरतीचं कोष्टक तिथे चालत नाही, म्हणून वेळ स्थानिक वाटाड्यालाच विचारून ठरेल. हिवाळ्यात खिजडिया पक्षी अभयारण्यातले पाहुणे पक्षीही वाटेत होतील.

जुने, भिजले तरी चालतील असे बंद बूट आणा; चपला चिखलात राहतात. प्रवाळावर पाय देऊ नका. वनखात्याच्या परवानगीसाठी ओळखपत्राची प्रत रविवारपर्यंत द्या.