मानशीची दारे कोण सांभाळणार? मा. मुख्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. मुख्यमंत्री,
गोवा राज्य

सा. न. वि. वि.

मी तिसवाडीतल्या खाडीकाठच्या गावात राहतो. आमचे शेत भरतीच्या पातळीखाली आहे. बांध नसता तर त्यात दिवसातून दोनदा मासे पोहले असते. वडील असताना पावसाळ्यातल्या अमावस्या-पुनवेला, उधाणाच्या रात्री, टॉर्च घेऊन बांधावर जायचे. कुर्लीचे बीळ दिसले की टाचेने चिखल दाबून बुजवायचे आणि म्हणायचे, "कुर्लेचें बीळ आनी रीण, ल्हान आसतनाच बुजोवचें." मी मागे कंटाळत उभा. दहावीत होतो, झोप प्यारी होती.

खाजन, म्हणजे बांध घालून खाडीच्या पाण्यापासून राखलेली सखल शेतजमीन, आपल्याला ठाऊक असणारच, तरी मानशीबद्दल, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांबद्दल, लिहितोच. भरती चढली की पाण्याच्या रेट्याने मानशीची लाकडी दारे आपोआप मिटतात. ओहोटीला आतले पावसाचे पाणी त्यांना बाहेर ढकलते. वीज लागत नाही, माणूस लागत नाही. ही युक्ती कोणी काढली, त्याचे नाव कुठे नाही. अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने १६ सप्टेंबर १५२६ रोजी गावकारीच्या, म्हणजे गावची जमीन सामाईकपणे सांभाळणाऱ्या संस्थेच्या, चालीरीतींची सनद लिहून काढली, तेव्हाच गावकारी जुनी होती. त्या सनदेला २०२६ मध्ये पाचशे वर्षे होतात. समारंभ होईल, शाली पडतील. माझी हरकत नाही.

गावकारीचे गोडवे गाणाऱ्यांतला मी नाही. तिथला हक्क जन्माने मिळायचा, तोही पुरुषांनाच. आमच्यासारखी कुळे बांधावर राबायची, बैठकीत बसायची नाहीत. १९६४ चा कूळ कायदा आला आणि वडील ताठ मानेने चालू लागले. पण त्याबरोबर बांध गावकारीच्या हातून सुटला आणि कुळांच्या संघटनांकडे आला, मानशीवरच्या मासेमारीची पावणी, म्हणजे लिलावही, आली. भातापेक्षा कोळंबीत पैसा जास्त. मग काही ठिकाणी दारे मुद्दाम उघडी ठेवून खारे पाणी आत घेतले जाते, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. म्हणजे दोष एकट्या सरकारचा नाही, आमचाही आहे.

आमच्या बांधाला तीन वर्षांपूर्वी जुलैत भगदाड पडले, बैलगाडी जाईल एवढे. माती, चिरे आणि वीस माणसे त्याच आठवड्यात मिळाली असती तर दोन दिवसांचे काम होते. एका कचेरीत अर्ज दिला, त्यांनी दुसरीकडे पाठवले, तिथे म्हणाले, एस्टिमेट झाले की कळवू. निविदा निघेपर्यंत जानेवारी उजाडला. तोवर त्या भगदाडातून ट्रक गेला असता. शेतात मीठ बसले. कोरगुट हे भाताचे वाण खारे पाणी सोसते म्हणून आम्ही तेच पेरत आलो, तेही उगवले नाही. आता तिथे माझ्या कमरेएवढी तिवरे उभी आहेत. तिवर तोडायला कायद्याने बंदी, त्यामुळे उद्या बांध झाला तरी शेत परत मिळेल असे दिसत नाही. कायदा चुकीचा म्हणत नाही मी. तिवरे बांधाच्या बाहेरच्या अंगाला हवीत, तिथे ती बांध राखतात. आत शिरली ती आपल्या दिरंगाईने.

हवामान बदलावरच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सहाव्या अहवालाप्रमाणे या शतकाअखेरीस समुद्र अंदाजे ३० सेंटीमीटर ते १ मीटर चढेल. आमचे बांध आज उधाणाच्या पाण्यापेक्षा फार तर हातभर उंच आहेत. आणि हे फक्त शेतकऱ्याचे दुखणे नव्हे. पणजीसुद्धा खाजने बुजवूनच पसरली.

लोहखनिजाच्या बाबतीत पुढच्या पिढ्यांसाठी १० टक्के रक्कम कायम निधीत बाजूला काढा, हे २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. आपण आपणहून काढली नव्हती. खाजनांसाठीही कोर्टाची वाट बघायची का?

मोठी योजना मागत नाही. पावसाळ्याआधी पंचायतीकडे थोडी रक्कम ठेवा, जिच्यातून भगदाड त्याच आठवड्यात निविदेशिवाय बुजवता येईल. पावणीचा पैसा आधी बांधाला, आणि त्याचा हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवायचा. आमच्या संघटनेलाही यातून सूट नको. आणि खाजनातली जमीन बिगरशेती करायची फाईल टेबलावर आली, की सही करणाऱ्याने आधी स्वतःच्या हाताने एक ओळ लिहावी: २०७६ साली इथे पाणी कुठवर असेल.

पाचशे वर्षांचा समारंभ ठरलाच तर सभागृहात नको. अमावस्येला, भरतीच्या वेळी आमच्या बांधावर या. येताना गमबूट आणा, चिखल घोट्याच्या वर असतो.

आपला,
खाडीकाठचा एक कूळ