मोकळ्या वेळेचं काय करू, असं विचारलंस म्हणून

बार्शी,
रविवार दुपार

चि. बाळास अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वहीच्या पानाचा फोटो पाठवलास तो दोनदा वाचला. ‘मेसवरून आठला येतो, बारापर्यंत मोकळाच असतो, आणि झोपताना वाटतं आज काहीच केलं नाही. एका खोलीत तिघं, पण तिघं तीन मोबाइलमध्ये.’ इतकं सरळ लिहिलंस याचं मला बरं वाटलं. दिवसभर कॉलेजात डोळे आणि डोकं दमतं, आणि रात्री विसावा म्हणून तू पुन्हा डोळ्यांनाच कामाला जुंपतोस. हातपाय मात्र सकाळपासून बसून असतात. मोकळा वेळ त्यांना दे, आणि जमेल तेवढा त्या दोघांना सोबत घेऊन दे. कसा, ते खाली लिहिते.

पहिलं पाणी. तिकडे सोलापुरात तुमच्या खोलीवर नळ पाच दिवसांतून एकदा येतो, आणि खोलीतली निम्मी कुरबूर त्यावरूनच होते हे तुझ्या फोनवरून कळतं. एकदा तिघांनी बसून हिशोब करा. आंघोळीला माणशी १५ लिटर, संडास आणि हात-तोंड धुवायला आणखी १५, म्हणजे तिघांचे ९०. भांडी आणि फरशी धरून दिवसाला १००. पाच दिवसांचे ५०० लिटर. २०० लिटरची दोन पिंपं आणि २० लिटरच्या पाच बादल्या भरल्या की बरोबर पुरतं. पण एकानं रोज १५ लिटर जास्त ओतलं, तर पाच दिवसांत ७५ लिटर कमी पडतात आणि शेवटच्या दिवशी जवळजवळ कोरडंच. हा आकडा दारामागे लिहून ठेवा. मग कुणाला टोचून बोलावं लागत नाही, जो तो आपला तांब्या मोजून घेतो. कपडे नळ चालू असतानाच धुवायचे, साठवलेल्या पाण्यात नाही. पिण्याचा २० लिटरचा जार वेगळा. माणशी तीन लिटर धरले तर दोन दिवस पुरतो, एप्रिल-मेमध्ये त्याआधीच संपतो.

पिंप भरण्याआधी घासायचं, हे मात्र टाळू नको. डेंग्यूच्या डासाची मादी पिंपाच्या आतल्या बाजूला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर अंडी चिकटवते. नुसतं पाणी ओतून दिलं तर अंडी तिथेच राहतात, कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात, आणि पुन्हा पाणी वर चढलं की फुटतात. अंड्यापासून उडणारा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा दोन्ही पिंपं रिकामी करून काथ्यानं आतून रगडा, विशेषतः वरचा वीतभर पट्टा. हाताला बुळबुळीत लागतं तोवर थांबायचं नाही. झाकणाला फट असतेच, तेव्हा झाकणाखाली जुन्या धोतराचं फडकं टाकून सुतळीनं आवळा. एकानं पिंप आडवं धरायचं, दुसऱ्यानं घासायचं, तिसऱ्यानं नळीकडे बघायचं. पाऊण तासाचं काम आहे, आणि त्या पाऊण तासात कुणाच्या हातात मोबाइल राहत नाही.

दुसरं, शेंगाची चटणी. एक किलो शेंगदाणे एसटीनं पाठवले आहेत, खालच्या पिशवीत लोखंडी खलबत्ताही आहे. विकतची आणता येते, सोलापुरात राहून तिची कमी कशी असेल. पण ही तुम्ही तिघांनी मिळून करावी असं मला फार वाटतं.

एका वेळी अर्धा किलो घे. आधी निवड: सुरकुतलेला, काळपट, बुरशीचा डाग असलेला दाणा टाकून द्यायचा. बुरशीतलं विष भाजल्यानं जात नाही, तेव्हा एका दाण्याचा लोभ नको. कढईत मंद आचेवर १५ ते २० मिनिटं भाज, झारा थांबवायचा नाही. आच मोठी केली की टरफल काळं होतं आणि दाणा आतून कच्चा राहतो. कच्च्या दाण्याला कुटून तेल सहज सुटत नाही. एक दाणा मधून फोडून बघ, आत पांढरा न राहता बदामी झाला आणि चिमटीत टरफल सुटलं की उतरव. मग ताटात पसरून पूर्ण गार होऊ दे. गरम असताना कुटायची घाई केलीस तर वाफ आत कोंडते आणि चटणी आठ दिवसांत खवट होते. गार झाल्यावर फडक्यात घालून चोळ, गॅलरीत पाखड.

अर्ध्या किलोला लसणाच्या वीसेक पाकळ्या, जिरं दोन छोटे चमचे, मीठ अडीच छोटे चमचे, लाल तिखट चार मोठे चमचे. तिखट आधी तीनच घाल. तुझ्या त्या लातूरच्या मित्राला जास्त लागलं तर वरून घालता येतं, पडलेलं काढता येत नाही. खलबत्त्यात आधी लसूण, जिरं, मीठ ठेच. मग तिखट. मग मूठ-मूठ दाणे, एका वेळी शंभर ग्रॅमच्या वर नाही, नाहीतर खालचे दाणे पीठ होतात आणि वरचे तसेच नाचत राहतात. पहिली दोन मिनिटं नुसता कूट दिसेल, तिखट कोरडं आणि धुळीसारखं. कुटत राहा. हळूहळू रंग विटकरी होतो, बत्त्याच्या तोंडाला ओशट चमक येते, आणि कुटण्याचा ठणठण आवाज बसका होतो. चिमूटभर दोन बोटांत दाब. बोटांचे ठसे उमटून वडी टिकली की झाली. त्याच्या पुढे गेलास तर लगदा होईल.

हात दुखले म्हणून मिक्सर काढाल, तर एवढं पाळा: भांडं तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त भरायचं नाही, दोन-दोन सेकंदांचे सहा-सात झटके, प्रत्येक झटक्यानंतर चमच्यानं खालचं वर. सलग फिरवला की पातं तापतं, तळाशी तेलाचा गोळा बसतो आणि वर भुसा राहतो. कोरड्या काचेच्या बरणीत भरा, गॅसपासून आणि उन्हाच्या खिडकीपासून लांब ठेवा, ओला चमचा घालू नका. पंधरा दिवस उत्तम टिकते. मेसची भाजी पाणचट असेल त्या रात्री कडक भाकरीचा चुरा, चटणी आणि वर दही.

एकानं भाजायचं, एकानं सोलायचं, एकानं कुटायचं. अशा वेळी हात गुंतलेले असतात, नजर मोकळी असते, आणि समोरासमोर बसून ‘बोल’ म्हटल्यावर जे निघत नाही ते आपोआप निघतं. तू लिहिलंस की दोघांशी चहाच्या पलीकडे काही बोलणंच होत नाही, त्यावर मला हाच उपाय सुचतो.

आता पैसे. गॅस, दूध, जार, रिक्षा, जो पुढे असेल तो भरतो आणि मग ‘जाऊ दे रे’ होतं. जाऊ दे म्हणणाऱ्याच्या मनातून ते जात नाही, बाळा. भिंतीला एक वही टांग: तारीख, काय आणलं, किती, कुणी दिले. दर रविवारी बेरीज करून तीनानं भाग. समज एकूण १,२६० झाले, म्हणजे माणशी ४२०. एकानं ७०० भरलेत, दुसऱ्यानं ४१०, तिसऱ्यानं १५०. तर दुसऱ्यानं १० आणि तिसऱ्यानं २७० पहिल्याला द्यायचे, त्याचे २८० फिटले. दहा रुपयेसुद्धा द्यायचे. लहान रकमेला सूट दिली की हळूहळू मोठीलाही मिळते. पुढच्या आठवड्याची पाटी कोरी.

उसने द्यायचे झाले तर, परत आले नाहीत तरी ज्याची आठवण राहणार नाही तेवढेच. तुझ्यासाठी ती मर्यादा मी ५०० रुपये धरते. फीचे पैसे एक दिवसासाठीही नाही. आणि मोबाइलवरून झटपट कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवर कुणी मित्र पैसे उचलत असेल, तर त्यात तुझा नंबर, तुझं आधार किंवा तुझं बँक खातं जाऊ देऊ नको. हप्ता त्यानं चुकवला की फोन तुला येतात. ‘आईला विचारून सांगतो’ म्हण, माझं नाव बिनधास्त पुढे कर.

संध्याकाळी साडेपाच ते सात खोलीत बसू नको. सिद्धेश्वर तलावाच्या काठानं, किल्ल्याच्या बाजूनं चाळीस मिनिटं चाल. मंदिर पाण्याच्या मधोमध आहे, संध्याकाळी तिथे वारा असतो. मार्चपासून मात्र वेळ बदल. सोलापूरचं ऊन सूर्य कलल्यावरही भिंतींतून आणि डांबरातून बाहेर येत राहतं, साडेसहालासुद्धा झळ लागते. तेव्हा सकाळी सहाला निघा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या दिवसांत नंदीध्वजांची, त्या उंच सजवलेल्या काठ्यांची मिरवणूक बघायला तिघं जा. सात नंदीध्वज असतात, आणि ते सरळ पेलून चालता यावं म्हणून मानकऱ्यांचा सराव आधी कितीतरी दिवस चालतो. जमलं तर तो सरावही बघ, मला तो मिरवणुकीइतकाच बघण्यासारखा वाटतो.

महिन्यातून एक रविवार नान्नजला. बार्शीला येताना एसटीच्या खिडकीतून तो माळ तुला दिसतो, सोलापूरपासून वीस-बावीस किलोमीटर. १९७९ पासून ते माळढोक अभयारण्य आहे. माळढोक पक्षी दिसेल या आशेनं जाऊ नको, आता तो फार दुर्मीळ झाला आहे. पण काळवीट दिसतात, आणि गवताळ रानातले चंडोल आणि तितर. पहाटे पोचायचं, नऊनंतर उन्हानं हवा थरथरते आणि दुर्बिणीतून काही स्पष्ट दिसत नाही. सूर्य पाठीमागे ठेवून उभं राहायचं. कपडे मातकट रंगाचे. वनखात्याची परवानगी घेऊन ठरलेल्या वाटेनंच जायचं, गवतात पाय टाकायचा नाही: माळढोक घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर एकच अंडं घालतो, आणि ते मातीच्या रंगात दिसतही नाही. दिसलेल्या प्रत्येक पक्ष्याची वेळ, जागा आणि तो काय करत होता एवढं वहीत लिही. नाव नाही कळलं तरी चालेल, चोचीचा आकार आणि शेपटीची लांबी लिहून ठेव, खोलीवर येऊन तिघं मिळून शोधा.

रात्रीचं थोडक्यात. चार्जर पलंगाजवळून काढून दाराजवळच्या बटणाला लाव, म्हणजे मोबाइल घ्यायला उठावं लागेल. व्हिडिओ आपोआप पुढचा लागतो ती सोय सेटिंगमधून बंद कर. गजराला साधं घड्याळ, मंगळवारच्या बाजारातून दोनशे रुपयांचं घेतलं तरी चालतं. चहा संध्याकाळी पाचनंतर नको. त्यातलं कॅफीन पाच-सहा तासांनीही निम्मं अंगात असतं, नऊला प्यालास तर मध्यरात्रीनंतरही त्याचा अंमल राहतो. झोपायची वेळ एखाद दिवशी हलली तर हलू दे, उठायची हलवू नको, रविवारीसुद्धा.

एक गोष्ट शेवटी लिहिते, पण ती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. तू लिहिलंस की कोपऱ्यातल्या पलंगावरचा मुलगा दोन आठवडे मेसला येत नाही, दिवसा झोपतो, रात्री जागा असतो. ‘काय झालंय’ असं सगळ्यांसमोर विचारू नको. त्याचं ताट खोलीवर आण आणि शेजारी बसून तूही जेव. दोन-तीन दिवसांनी, चालताना किंवा पिंप घासताना, एवढंच विचार: ‘झोप लागत नाही का रे?’ मग तो बोलेल तोवर गप्प बस, मधे उपाय सांगू नको. जगणं नकोसं झालंय अशा अर्थाचं काही बोलला, तर गुप्त ठेवायचं वचन देऊ नको. त्याला एकटं सोडू नको, त्याच्या घरच्यांना आणि घरमालक काकांना त्याच दिवशी कळव. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो आणि मराठीत बोलता येतं. तो नंबर आत्ताच तुझ्या आणि त्या दुसऱ्या मित्राच्या मोबाइलमध्ये घालून ठेव. आज रात्री त्याचं ताट वर नेलंस की मला फोन कर, किती वाजले ते बघू नको.

शेंगदाण्यांची पिशवी कापडी आहे, ती धुऊन दिवाळीला घेऊन ये. खलबत्ता वापरून झाला की लगेच कोरडा पुसा, ओला राहिला तर गंज धरतो.

तुझी,
आई